वाचकांचे प्रश्न : स्नॅपशॉट ठेवले, जागा कुठे गेली?

या वेळी बेळगाव, निपाणी, चिकोडी आणि खानापूर भागातून आलेल्या पत्रांत स्टोरेजच्या स्नॅपशॉटबद्दलचेच (एखाद्या क्षणी डेटा कसा होता, याची गोठवलेली नोंद) प्रश्न जास्त होते. सौहार्द संस्था असो, साखर कारखाना असो की दवाखाना, सर्व्हर रूममध्ये सगळ्यांच्या डिस्क एकत्र सांभाळणारी एक स्टोरेज पेटी आता बसलेली असते. तिच्या डिस्कची एकत्रित जागा म्हणजे पूल, आणि त्यातून एकेका कामासाठी काढून दिलेला भाग म्हणजे व्हॉल्यूम. पुरवठादार स्नॅपशॉटचे शेड्यूल लावून देतो आणि निघून जातो. पुढचे सगळे तिथल्या माणसाला निस्तरावे लागते. म्हणून या अंकाचे पूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमचा डेटाबेसचा व्हॉल्यूम २ टीबीचा आहे. दर तासाला एक स्नॅपशॉट होतो, त्यातले २४ ठेवतो. रात्री एक होतो, त्यातले ७ ठेवतो. सॉफ्टवेअरच्या अपग्रेडआधी हाताने घेतलेला एकही यादीत आहे. पूल ९१ टक्के भरला म्हणून तासाचे सगळे २४ पुसले, तर जेमतेम ६ जीबी जागा परत मिळाली. बाकीची जागा कुणी धरून ठेवली आहे, सांगा की.
*– सौहार्द सहकारी संस्थेचे संगणक अधिकारी, निपाणी*

उत्तर : हाताने घेतलेल्या त्या एका स्नॅपशॉटने. नीट सांगतो, कारण हे समजले की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

स्नॅपशॉट घेताना डेटाची प्रत होत नाही. त्या क्षणी कोणता ब्लॉक (डेटाचा छोटा तुकडा) कुठे आहे, याचा नकाशा तेवढा गोठवला जातो. म्हणून २ टीबीचा स्नॅपशॉट काही सेकंदांत होतो आणि त्या वेळी जवळपास काहीच जागा खात नाही. जागा लागते ती त्यानंतर होणाऱ्या लिखाणाला. आजच्या बहुतेक पेट्यांत बदललेला ब्लॉक नव्या जागी लिहिला जातो आणि जुना ब्लॉक स्नॅपशॉटसाठी जागच्या जागी राहतो. जुन्या पद्धतीच्या पेट्यांत उलटे होते : आधी जुना ब्लॉक वाचायचा, तो राखीव जागेत लिहायचा, मग मूळ जागी नवा लिहायचा. म्हणजे एका लिखाणापोटी एक वाचन आणि दोन लिखाणे. अशा पेट्यांवर दिवसा तासातासाला स्नॅपशॉट लावले की काउंटरवरचा स्क्रीन रेंगाळतो, तो यामुळेच.

आता तुमचा हिशेब. सोमवारी असलेला आणि गुरुवारी बदललेला एखादा ब्लॉक मधल्या प्रत्येक स्नॅपशॉटच्या नकाशात असतो. मंगळवार-बुधवारचे स्नॅपशॉट पुसले तरी सोमवारचा त्याला धरून आहे, म्हणून तो सुटत नाही. ब्लॉक मोकळा होतो तो त्याला धरणारा शेवटचा स्नॅपशॉट गेल्यावर. तासाचे स्नॅपशॉट गेले तेव्हा फक्त त्या मधल्या तासांत जन्मलेले आणि मेलेले ब्लॉक सुटले. ते ६ जीबी. अपग्रेडपासून आजवर जे जे बदलले, त्याच्या जुन्या आवृत्त्या मात्र हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटकडे आहेत. अपग्रेडमध्ये टेबलांची रचना बदलली असेल, नंतर इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) पुनर्बांधणी झाली असेल, तर तो आकडा काहीशे जीबींवर सहज जातो.

मॅनेजमेंट स्क्रीनवर प्रत्येक स्नॅपशॉटपुढे दोन आकडे दिसतात का ते बघा : एक फक्त त्याच्याच ताब्यातल्या डेटाचा, दुसरा इतरांबरोबर सामायिक असलेल्याचा. पुसल्यावर खात्रीने मिळते ती पहिल्या आकड्याएवढीच जागा. अपग्रेड नीट झाल्याची खात्री असेल तर तो जुना स्नॅपशॉट काढा, आणि तोही डे-एंड उरकल्यावर. पुसण्याचा आदेश लगेच पूर्ण झालेला दिसतो, पण ब्लॉक मोकळे करायचे काम मागे काही तास चालते आणि कंट्रोलरला (पेटीचे काम चालवणाऱ्या भागाला) ताण देते. आकडा लगेच हलला नाही म्हणून घाईने आणखी चार पुसू नका.

यापुढे हाताने घेतलेल्या प्रत्येक स्नॅपशॉटला मुदत द्या. अपग्रेडसाठी ७ दिवस पुष्कळ झाले. नावात कारण आणि तारीख असावी. 'टेस्ट', 'टेस्ट२', 'फायनल' अशा नावांचे स्नॅपशॉट वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण ते कशासाठी होते हे कुणालाच आठवत नाही आणि पुसायला कुणी धजत नाही.

प्रश्न : आमच्याकडे वजनकाट्याचा आणि ऊस बिलांचा डेटा एकाच पेटीवर आहे. ऑफ-सीझनला सगळे ठीक असते, गळीत हंगाम सुरू झाला की पूल भरल्याचे अलर्ट येतात. स्नॅपशॉटसाठी किती जागा धरावी? पुरवठादार २० टक्के म्हणतो.
*– साखर कारखान्यातील ईडीपी (संगणक) विभाग, चिकोडी तालुका*

उत्तर : २० टक्के हा आकडा न मोजता सांगितलेला आहे. नेटॲप कंपनीच्या पेट्यांतल्या ऑनटॅप प्रणालीमध्ये व्हॉल्यूम तयार करताना ५ टक्के राखीव धरलेले असतात आणि मूळ धोरणात तासाचे ६, दिवसाचे २ व आठवड्याचे २ स्नॅपशॉट ठेवले जातात. तेही सुरुवातीपुरतेच. तुमचा आकडा तुमच्या लिखाणावरून निघतो.

हंगाम ऐन भरात असताना मोजा. एका आठवड्यासाठी रात्री एकच स्नॅपशॉट घ्या, एकही पुसू नका, आणि रोज सकाळी स्नॅपशॉटने व्यापलेली एकूण जागा वहीत लिहा. रोजची वाढ म्हणजे रोजचा बदल. समजा व्हॉल्यूम १.५ टीबीचा आहे, ऑफ-सीझनला रोज ३० जीबी बदलतात आणि हंगामात ७५. रोजचा एक याप्रमाणे १४ दिवसांचे ठेवायचे तर हंगामात ७५ गुणिले १४, म्हणजे १०५० जीबी. हीच जागा ऑफ-सीझनला ४२० जीबी होते. तुमचे अलर्ट या फरकातून येतात. तासाचे स्नॅपशॉट त्यात थोडी भर घालतात, पण २४ पट नाही, कारण बरेचसे ब्लॉक सामायिक असतात. निघालेल्या आकड्यावर आणखी तीसेक टक्के सोडा.

जागा वाढवण्याआधी एक तपासा. बहुतेक ठिकाणी खरा दोष तिथेच सापडतो. डेटाबेसचा रात्रीचा डंप (पूर्ण डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत) त्याच व्हॉल्यूमवर तर पडत नाही ना? १२० जीबीचा डंप रोज जुन्यावर लिहिला जात असेल, तर स्नॅपशॉटच्या दृष्टीने रोज १२० जीबी बदलले. दोन आठवड्यांचे झाले १६८० जीबी, आणि ते निव्वळ बॅकअपच्या फाइलपायी. डंप, टेम्पडीबी (डेटाबेसची तात्पुरती कामाची जागा), विंडोजची पेजफाइल (मेमरीला पूरक फाइल) हे सगळे स्नॅपशॉट नसलेल्या वेगळ्या व्हॉल्यूमवर हलवा. तसेच रविवारी रात्री सगळ्या इंडेक्सची सरसकट पुनर्बांधणी लावलेली असते. इंडेक्स ३०० जीबीचे असतील तर तेवढे ब्लॉक एका रात्रीत नव्याने लिहिले जातात. विस्कळीत झालेल्या इंडेक्सपुरतेच काम ठेवा. डेटाबेसचे काही बिघडत नाही आणि स्नॅपशॉटची जागा वाचते.

पूल भरल्यावर नेमके काय होते, हे पेटीपेटीवर अवलंबून आहे आणि ते आधीच माहीत हवे. लिनक्सच्या एलव्हीएममधला (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या सोयीतला) जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट भरला की तो बाद होतो, मूळ व्हॉल्यूम चालू राहतो. तिथे आपोआप वाढण्याची मर्यादा १०० वर ठेवली असेल तर वाढ बंदच असते. ती ७० करा आणि वाढीचा टप्पा २० टक्के ठेवा. थिन पूलचे (लिहिले जाईल तेवढीच जागा देणाऱ्या सामायिक पूलचे) मात्र वाईट. पूल पूर्ण भरला की त्यावरच्या सगळ्या व्हॉल्यूमचे लिखाण अडते, स्नॅपशॉट कुणाच्याही का असेनात. म्हणजे कुणी तरी टेस्ट सर्व्हरचे स्नॅपशॉट वाढवले म्हणून तुमचा काटा बंद, आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग. अलर्ट ७०, ८० आणि ९० टक्क्यांना लावा. ७० ला कारण शोधायचे, ८० ला तासाच्या स्नॅपशॉटची संख्या कमी करायची, ९० ला हातातले काम सोडून तिथे जायचे. अलर्टचा ईमेल सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात नाही ना, हेही हंगामाआधी बघून घ्या.

प्रश्न : डेटाबेसच्या डेटा फाइल एका व्हॉल्यूमवर आणि लॉग (बदलांच्या नोंदी) दुसऱ्यावर आहेत. दोन्हींचे स्नॅपशॉट रात्री १ वाजता होतात. ते रिस्टोअर केले तर डेटाबेस उठेल का? एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमाही त्याच पेटीवर आहेत.
*– रुग्णालयाचा आयटी विभाग, बेळगाव*

उत्तर : दोन्ही शेड्यूल १ वाजताची असली तरी दोन स्नॅपशॉटमध्ये काही सेकंदांचे अंतर पडू शकते. डेटा फाइलमध्ये पोचलेली नोंद लॉगच्या स्नॅपशॉटमध्ये नसेल तर डेटाबेस उठायला नकार देईल, किंवा उठेल आणि पुढे कधी तरी चूक दाखवेल. हे दुसरे जास्त घातक. यावर उपाय कन्सिस्टन्सी ग्रुप. दोन्ही व्हॉल्यूम एका गटात टाका, शेड्यूल गटाला लावा आणि सुटे शेड्यूल काढून टाका. मग पेटी सगळ्यांचे लिखाण एकाच क्षणी थांबवून स्नॅपशॉट घेते.

एवढ्याने जी अवस्था मिळते ती ऐनवेळी वीज गेल्यावर सर्व्हर बंद पडतो तशी. चांगला डेटाबेस लॉगवरून सावरतो. पण रुग्णांच्या नोंदींसाठी त्यापुढे जावे. विंडोजवर हे काम व्हीएसएस ही विंडोजचीच सेवा करते : डेटाबेसला थांबायला सांगायचे, मेमरीतले डिस्कवर उतरवायचे, मग स्नॅपशॉट. डेटाबेसला जास्तीत जास्त ६० सेकंद थांबवता येते आणि प्रत्यक्ष स्नॅपशॉट १० सेकंदांत व्हावा लागतो, नाहीतर प्रयत्न रद्द होतो. रात्री १ वाजता अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन आणि डंप दोन्ही चालू असतील तर ही मुदत हुकते. तेव्हा शेड्यूल पाऊण तास सरकवा. 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' हा आदेश देऊन एसक्यूएलचा रायटर (व्हीएसएसच्या सांगण्यावरून डेटाबेसला थांबवणारा भाग) 'स्टेबल' आहे का ते पाहा. ओरॅकलचा डेटाबेस असेल तर स्नॅपशॉटआधी बॅकअप मोड चालू करा आणि नंतर आठवणीने बंद करा. तो चालूच राहिला तर रीडो लॉग (ओरॅकलच्या बदलांच्या नोंदी) फुगत जातात. तिथे आर्काइव्ह लॉगच्या (रीडो लॉगच्या साठवलेल्या प्रतींच्या) व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट सर्वांत शेवटी घ्यायचा.

प्रतिमांची काळजी नको. एकदा लिहिलेली एक्स-रेची फाइल पुन्हा बदलत नाही, म्हणून तिथे स्नॅपशॉट फार स्वस्त पडतात. ३० दिवसांचे खुशाल ठेवा. त्यांचा व्हॉल्यूम मात्र डेटाबेसपासून वेगळा ठेवा, म्हणजे दोघांची मुदत वेगळी लावता येईल.

सर्व्हर व्हीएमवेअरवर (एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) असतील तर एक घोळ टाळा. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट आणि पेटीचा स्नॅपशॉट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्हर्च्युअल मशीनचा एकच स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये असे व्हीएमवेअरच सांगते. साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण वेग टिकवायचा तर २ ते ३ वरच थांबावे.

प्रश्न : स्नॅपशॉट आहेत तर वेगळ्या बॅकअपचा खर्च कशाला, असे आमचे संचालक विचारतात. काय सांगावे?
*– पीकेपीएसचे (प्राथमिक कृषी पतसंस्थेचे) सचिव, खानापूर तालुका*

उत्तर : सांगा, की स्नॅपशॉट त्याच डिस्कवर आहेत. रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) मधल्या दोन डिस्क एकदम गेल्या, पेटी जळाली किंवा कुणी व्हॉल्यूमच पुसला, तर स्नॅपशॉटही त्याबरोबर जातात. चुकून पुसलेली फाइल, फसलेले अपग्रेड, बिघडलेले टेबल यांवर स्नॅपशॉटसारखा झटपट उपाय नाही. पेटी गेली तर त्याचा काही उपयोग नाही. बॅकअप दुसऱ्या उपकरणावर हवा, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावात.

दुसऱ्या गावात, समजा हुबळीला किंवा कोल्हापूरला, पेटी असेल तर स्नॅपशॉटमधला फरक तेवढा तिकडे पाठवता येतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १२.५ एमबी जातात. २ टीबीची पहिली प्रत पूर्ण वेगाने गेली तरी ४४ तास लागतात, प्रत्यक्षात दोन-अडीच दिवस धरा. जमले तर पहिली प्रत दोन्ही पेट्या शेजारी ठेवून करावी आणि मग एक पेटी हलवावी. पुढे रोजचा ४० जीबीचा बदल तास-सव्वा तासात जातो.

रस्त्याच्या कामात केबल तुटली की काय होते ते लक्षात ठेवा. दोन्हीकडे असलेला शेवटचा समान स्नॅपशॉट इकडची पेटी धरून ठेवते आणि लाइन बंद असेपर्यंत तो फुगत राहतो. जागेसाठी तो पुसलात तर फरक कुठून मोजायचा हेच पेटीला कळत नाही आणि सगळे २ टीबी पुन्हा पाठवावे लागतात. दुसरे काहीही पुसा, तो राहू द्या.

प्रश्न : ईआरपीमधील (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) स्टॉकची टेबले दुपारी बिघडली. सकाळचा स्नॅपशॉट आहे. सरळ रोलबॅक करावे का? यादीत संध्याकाळी ६ वाजताचा स्नॅपशॉट १२.३० चा दिसतो, हेही कळत नाही.
*– फाउंड्रीचे सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, उद्यमबाग*

उत्तर : आधी वेळेचे. पेटीचे घड्याळ जागतिक वेळेवर आहे, आपण साडेपाच तास पुढे. संध्याकाळी ६ चा स्नॅपशॉट तिथे दुपारी १२.३० चा दिसतो. गडबडीत असतानाच नेमका चुकीचा निवडला जातो, म्हणून टाइम झोन आजच बदला आणि घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) जोडा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) एनटीपी सर्व्हरशी वेळ जुळवणे अपेक्षितच आहे.

रोलबॅक लगेच करू नका. रोलबॅकने पूर्ण व्हॉल्यूम सकाळच्या अवस्थेत जातो. त्यानंतरची बिले, डिस्पॅच, सगळे पुसले जाते. काही पेट्यांत निवडलेल्या स्नॅपशॉटनंतरचे स्नॅपशॉटही निघून जातात, म्हणजे परत फिरायची वाट बंद. बिघाड चार टेबलांचा असेल तर स्नॅपशॉटवरून क्लोन (वापरता येईल असा वेगळा व्हॉल्यूम) करा, तो दुसऱ्या सर्व्हरला जोडा, तिथे डेटाबेस उघडा आणि तेवढी टेबले आणा. क्लोन त्याच सर्व्हरला जोडला तर ओळख जुळते आणि गोंधळ होतो. विंडोज अशी डिस्क ऑफलाइन ठेवते आणि ऑनलाइन करताना तिची सही बदलते. लिनक्सवर एक्सएफएस फाइल सिस्टीम असेल तर माउंट करताना 'नोयूयूआयडी' हा पर्याय द्यावा लागतो. एलव्हीएम असेल तर आधी 'व्हीजीइम्पोर्टक्लोन' चालवावे.

रोलबॅकच करायचे ठरले तर क्रम असा. ईआरपी आणि डेटाबेस सेवा बंद करा. बिघडलेल्या अवस्थेचाही एक स्नॅपशॉट घ्या. दुपारच्या नोंदी नंतर त्यातून काढता येतात, मात्र पेटी रोलबॅकमध्ये नंतरचे स्नॅपशॉट काढणारी असेल तर स्नॅपशॉटऐवजी पूर्ण प्रत करा. मग सर्व्हरवर डिस्क ऑफलाइन करा. ही पायरी गाळली तर सर्व्हरच्या मेमरीतला दुपारचा डेटा सकाळच्या डिस्कवर लिहिला जातो आणि फाइल सिस्टीमच बिघडते. रोलबॅक झाल्यावर डिस्क ऑनलाइन करा, डेटाबेसची तपासणी चालवा आणि ती स्वच्छ निघाल्यावरच लोकांना आत सोडा.

प्रश्न : वळिवाच्या पावसात वीज सारखी जाते-येते. स्नॅपशॉट होत असतानाच गेली तर?
*– पतसंस्थेचे कर्मचारी, हलगा*

उत्तर : तो स्नॅपशॉट अर्धवट राहत नाही, झाला तर पूर्ण, नाहीतर नाही. काळजी कंट्रोलरच्या कॅशेची (डिस्कवर जाण्याआधी डेटा थांबतो त्या मेमरीची) करा. तिला सांभाळणारी बॅटरी कमजोर झाली की पेटी थेट डिस्कवर लिहू लागते आणि वेग कोसळतो. बॅटरीची अवस्था मार्चमध्येच तपासा आणि यूपीएसकडून सर्व्हरना बंद होण्याचा संदेश पेटीआधी जातो का ते पाहा.

प्रश्न : रॅन्समवेअर (फाइल वाचता न येण्याजोग्या करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) आले तर स्नॅपशॉट वाचवतील का?
*– सनदी लेखापालांचे कार्यालय, टिळकवाडी*

उत्तर : वाचवतील, पण दोन गोष्टी आधी केल्या असतील तर. पहिली : जागा कमी पडली की जुने स्नॅपशॉट आपोआप पुसण्याची सोय चालू असेल, तर हल्ल्यात तीच उलटते. फाइल एनक्रिप्ट होताना सगळे ब्लॉक बदलतात. असा डेटा दाबून लहान होत नाही, म्हणून कॉम्प्रेशनची बचतही जाते. पूल झपाट्याने भरतो आणि पेटी जागा करण्यासाठी सर्वांत जुने, म्हणजे हल्ल्याआधीचे चांगले स्नॅपशॉट पुसू लागते. म्हणून रोजचे किमान ७ स्नॅपशॉट ठरलेल्या मुदतीपर्यंत कुणालाच पुसता येणार नाहीत असे कुलूपबंद ठेवा. ऑनटॅपमध्ये ही सोय ९.१२.१ आवृत्तीपासून आहे, इतर बहुतेक नव्या पेट्यांतही असते. कुलूप उघडता येत नाही, म्हणून मुदत टाकताना ७ च्या जागी ७० पडणार नाही याची खात्री करा. तेवढे दिवस जागा अडकते.

दुसरी : पेटीच्या ॲडमिनचा पासवर्ड कार्यालयाच्या डोमेनशी (सगळ्यांच्या लॉगिनच्या मध्यवर्ती व्यवस्थेशी) जोडू नका. हल्लेखोर डोमेनचा ताबा घेतात आणि पहिल्यांदा स्नॅपशॉट पुसतात. वेगळे खाते, दोन टप्प्यांची ओळख आणि मॅनेजमेंटचे वेगळे नेटवर्क, एवढे हवेच. रोज ३० जीबी बदलणारा व्हॉल्यूम एका रात्रीत ३०० जीबी बदलला, तर आधी स्नॅपशॉटची मुदत संपणे थांबवा, मग चौकशी करा. सर्ट-इनला कळवण्याची मुदत घटना लक्षात आल्यापासून ६ तास आहे.

प्रश्न : प्रत्येक वेळी पुसलेली एक्सेल फाइल परत आणायला आम्हालाच बोलावतात. लोकांना स्वतः आणता येईल का?
*– महाविद्यालयाचे प्रयोगशाळा सहायक, बेळगाव*

उत्तर : येईल. विंडोजच्या शेअर केलेल्या फोल्डरवर उजवे क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स' उघडायचे, तारीख निवडायची आणि फाइल 'कॉपी' करून घ्यायची. 'रिस्टोअर' दाबू नये, त्याने सध्याची फाइल जाते. विंडोज सर्व्हरच्या शॅडो कॉपी (विंडोजचे स्वतःचे स्नॅपशॉट) एका व्हॉल्यूमला जास्तीत जास्त ६४ राहतात, त्यानंतर सर्वांत जुनी जाते. जागेची मूळ मर्यादा १० टक्के असते. ती जागा दुसऱ्या डिस्कवर न्यायची असेल तर सुरुवातीलाच न्या, कारण नंतर नेताना आधीच्या सगळ्या कॉपी पुसाव्या लागतात. मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२ असे आहे. तुमच्याकडे शनिवारी काम चालत असेल तर शनिवार हाताने जोडा आणि संध्याकाळी ५ ची आणखी एक कॉपी ठेवा.